शब्दचर्चा : ‘इटालो डिस्को’, ‘तोर्मेन्तोने’ आणि ‘रिगेइरा’

विचारणा

एका दिवाळी अंकासाठी मी इटलीतील ‘रिगेइरा’ या जोडीवर लेख लिहीत आहे. तोरिनो, म्हणजे आपल्या नकाशांतले ट्युरिन, या शहरातील स्तेफानो रीगी आणि स्तेफानो रोता हे दोन शाळासोबती. त्यांनी अनुक्रमे जॉन्सन रिगेइरा आणि मायकेल रिगेइरा अशी नावे घेतली आणि १९८३ साली ‘वामोस आ ला प्लाया’ हे त्यांचे गाणे इटलीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी ‘नो तेंगो दिनेरो’ आले, १९८५ मध्ये ‘लेस्ताते स्ता फिनेन्दो’ या गाण्याने ‘फेस्तिवालबार’ ही उन्हाळी स्पर्धा जिंकली आणि १९८६ मध्ये ते सानरेमोच्या महोत्सवातही गायले. एवढा इतिहास सरळ आहे. अडचण शब्दांची आहे.

संपादकांनी जोडीचे नाव ‘रिघेइरा’ असे दुरुस्त केले आहे, ते योग्य आहे का? त्यांच्या संगीतप्रकाराला, म्हणजे ‘इटालो डिस्को’ला, सरळ ‘इटालियन डिस्को’ म्हणावे का? उन्हाळाभर कानांवर आदळणाऱ्या अशा गाण्यांना इटालियन पत्रकार ‘तोर्मेन्तोने’ म्हणतात, त्यासाठी मराठीत काय लिहावे? आणि १९८५ च्या गाण्याचे शीर्षक मी ‘उन्हाळा संपत आहे’ असे केले आहे, परंतु ते मलाच पटलेले नाही.

प्रतिसाद १

आधी नावाविषयी. इटालियन लिपीत ‘जी’ या अक्षरापुढे ‘एच’ येतो तो महाप्राण दाखवण्यासाठी नव्हे, तर पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ असतानाही उच्चार ‘ज’ न होता ‘ग’ राहावा म्हणून. आपण ‘स्पॅगेटी’ लिहितो, ‘स्पॅघेटी’ लिहीत नाही, तोच हा न्याय आहे. तेव्हा ‘रीगी’ आणि ‘रिगेइरा’ हेच बरोबर, आणि संपादकांना ते कळवताना स्पॅगेटीचे उदाहरण अवश्य द्यावे. वाद तिथेच मिटतो.

हे आडनाव इटालियन नाहीच, ही त्यातली खरी गंमत आहे. रीगी यांनी स्वतःच्या आडनावाला ब्राझिलियन थाटाचे शेपूट लावून ते तयार केले. ‘-एइरा’ हा पोर्तुगीज प्रत्यय आपल्याकडे परका नाही. गोव्यातील आणि वसईतील परेरा, फेरेरा, ऑलिव्हेरा ही आडनावे त्याच घडणीची आहेत. पोर्तुगीजमध्ये ‘परेइरा’ म्हणजे नासपतीचे झाड आणि ‘ऑलिवेइरा’ म्हणजे ऑलिव्हचे झाड. त्या हिशेबाने ‘रिगेइरा’ हे रीगी नावाचे फळ देणारे झाड झाले, आणि तसे फळ जगात कुठेच नाही. म्हापशाच्या बाजारात हे नाव कोणी उच्चारले, तर ऐकणारा आधी गाव कोणता ते विचारेल. लेखात या प्रत्ययाचा उल्लेख करावा, कारण मराठी वाचकाच्या कानाला जी ओळख आपोआप पटते ती इंग्रजी वाचकाला पटत नाही.

‘तोरिनो’ आणि ‘तोर्मेन्तोने’ यांत आपण ‘त’ ठेवला आहे ते योग्यच आहे, कारण इटालियन ‘त’ दंत्य आहे. ‘इटली’तील ‘ट’ मात्र इंग्रजीच्या वाटेने येऊन स्थिरावला आहे. त्याला आता हात लावू नये आणि त्याच्या आधाराने ‘इटालो’ही चालवून घ्यावे.

प्रतिसाद २

‘इटालियन डिस्को’ लिहिल्याने बिघडते काय? संगीत इटलीचे आहे, प्रकार डिस्को आहे आणि वाचकाला अर्थ लगेच कळतो. ‘इटालो’ हा शब्द वापरून लेखाच्या पहिल्याच ओळीत वाचकाला अडवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद ३

बिघडते, आणि बरेच बिघडते. ‘इटालो डिस्को’ हे वर्णन नाही, ते नाव आहे, आणि ते इटलीत दिलेले नाही. जर्मनीतील ‘झिक्स’ या ध्वनिमुद्रिका कंपनीचे संस्थापक बर्नहार्ड मिकुल्स्की यांच्याकडे या नावाचे श्रेय जाते. त्यांच्या कंपनीने १९८३ पासून या नावाखाली निवडक गाण्यांच्या तबकड्या काढल्या आणि नाव रूढ झाले. जर्मन भाषेला हा घाट आधीपासून ठाऊक होता. ज्या चित्रपटांना आपण इंग्रजीच्या अनुकरणाने ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हणतो, त्यांना जर्मन लोक ‘इटालोवेस्टर्न’ म्हणतात. इटालियनमध्ये मात्र ‘इतालो-’ हे बहुधा समासाचे पूर्वपद असते, आपल्याकडील ‘आंग्ल-’सारखे, ते सुटे आले की ते पुरुषाचे नाव होते, जसे लेखक इतालो काल्व्हीनो यांचे. म्हणजे ज्या संगीतावर देशाचे नाव कोरले आहे ते नाव त्या देशाच्या भाषेत शेजाऱ्याने आणून ठेवलेले आहे.

दुसरी गोष्ट अशी की ‘इटालियन डिस्को’ म्हटले की १९७० च्या दशकातील तंतुवाद्यांचा ताफा घेऊन येणारे डिस्कोही त्यात येते, आणि ‘इटालो’ या नावात ते अभिप्रेत नाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या विरोधात तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला, त्यानंतर अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी या संगीतातून अंग काढून घेतले. युरोपातील नृत्यगृहांची भूक मात्र तशीच होती. ती इटलीतील छोट्या स्टुडिओंनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्या बळावर भागवली, कारण वीस वादकांना मानधन देण्यापेक्षा दोन यंत्रे विकत घेणे स्वस्त पडत होते. गायन बहुतेक वेळा इंग्रजीत, तेही इटालियन वळणाच्या इंग्रजीत होई. या सगळ्याला मिळून ‘इटालो’ हा शब्द आहे. ‘इटालियन’ या विशेषणात त्यातले निम्मेही मावत नाही.

रिगेइरांचे निर्माते कार्मेलो आणि मिकेलांजेलो ला बिओन्दा हे बंधू या संक्रमणाचे उत्तम उदाहरण आहेत. सिसिलीत जन्मलेल्या आणि मिलानमध्ये काम करणाऱ्या या भावांनी १९७८ मध्ये स्वतःच्या आडनावाने ‘वन फॉर यू, वन फॉर मी’ हे डिस्को गाणे काढले होते आणि पाच वर्षांनी त्यांनीच ‘वामोस आ ला प्लाया’ घडवले. ‘ला बिओन्दा’ याचा शब्दशः अर्थ ‘ती सोनेरी केसांची’ असा आहे. त्यामुळे हे आडनाव आहे हे न कळल्यास दोन पुरुषांविषयी लिहिताना वाक्यात स्त्रीलिंगी क्रियापद येण्याचा धोका आहे. एका मराठी मजकुरात ‘ला बिओन्दा हिने निर्मिती केली’ असे मी स्वतः वाचले आहे.

प्रतिसाद ४

‘डिस्को’ या शब्दाविषयीही लेखात दोन वाक्ये असावीत असे वाटते. इटालियनमध्ये ‘दिस्को’चा साधा अर्थ तबकडी. ‘उन दिस्को पेर लेस्ताते’, म्हणजे ‘उन्हाळ्यासाठी एक तबकडी’, या नावाची गीतस्पर्धा १९६४ पासून होत होती आणि तिथे नाचाचा काही संबंध नव्हता. ‘दिस्कोतेका’ हा शब्द ग्रंथालयाच्या ‘बिब्लिओतेका’च्या धर्तीवर घडला आहे, त्यातील ‘तेका’ मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ पेटी किंवा ठेवण्याची जागा असा होतो. रोममध्ये १९२८ साली ‘दिस्कोतेका दि स्तातो’ स्थापन झाली. नाव वाचून सरकारी खर्चाने चालणारे नृत्यगृह डोळ्यांपुढे येते, पण ते राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय होते.

आपल्याकडे हा शब्द तबकडीचा अर्थ वगळूनच आला. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ या हिंदी चित्रपटानंतर तो आणखी सैल झाला. मुंबईत ‘डिस्को दांडिया’ आला, आणि चमचमणाऱ्या कोणत्याही वस्तूला ‘डिस्को’ हे विशेषण लागू लागले. म्हणून ‘डिस्को’ला मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या फंदात पडू नये. ‘सिंथेसायझर’चेही तेच. ‘संश्लेषक’ व्याकरणाने निर्दोष आहे, परंतु शाळेतील प्रकाशसंश्लेषण इतके पक्के बसले आहे की वाचकाला वाद्य न दिसता झाडाचे पान दिसते.

प्रतिसाद ५

‘तोर्मेन्तोने’ या शब्दावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. ‘तोर्मेन्तो’ म्हणजे छळ. मूळ लॅटिन क्रियापद पिळण्याचे आहे आणि त्यापासून आलेला ‘तोर्मेन्तुम’ हा शब्द छळाच्या यंत्रालाही लावत आणि दोर पिळून दगड फेकणाऱ्या युद्धयंत्रालाही लावत. त्याला ‘-ओने’ हा मोठेपणा दाखवणारा प्रत्यय लागला की ‘महाछळ’ होतो. विनोदी नट जे वाक्य प्रत्येक प्रवेशात पुन्हा पुन्हा म्हणतो त्यालाही हा शब्द लावतात, आणि उन्हाळाभर किनाऱ्यावर, उपाहारगृहात आणि गाडीत ज्या एका गाण्यापासून सुटका नसते त्यालाही लावतात. महत्त्वाचे हे की शब्दात तक्रार आहे तशी मायाही आहे. गाणे छळते, आणि ते आले नाही तर उन्हाळा आल्यासारखा वाटत नाही.

‘लोकप्रिय गीत’ या भाषांतरात छळ नाही, ‘डोकेदुखी’त माया नाही. ‘पालुपद’ जवळ जाते, परंतु ते गाण्याचा एक भाग आहे, संपूर्ण गाणे नव्हे. ‘धोशा’त आवाज आहे आणि सातत्यही आहे. माझे मत मात्र ‘टुमणे’ या शब्दाला आहे. मूल जत्रेत फुग्यासाठी टुमणे लावते तेव्हा आई वैतागते, तरी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असते. तोर्मेन्तोनेचा सूर नेमका तोच आहे. ‘उन्हाळी टुमणे’ असे एकदा लिहावे, शेजारी मूळ शब्द द्यावा आणि पुढे मराठीच चालवावा.

‘वामोस आ ला प्लाया’ हे टुमण्यांतले विलक्षण टुमणे आहे, कारण लोकांनी ते डोलत म्हटले आणि अर्थाकडे पाहिले नाही. शब्द स्पॅनिश आहेत आणि आवाहन ‘चला, समुद्रावर जाऊ’ एवढेच आहे. पण कडव्यांत बॉम्ब फुटलेला आहे, किरणोत्सर्गी वारा केस विस्कटतो आहे, आणि समुद्र अखेर स्वच्छ झाला, त्यात दुर्गंधी येणारे मासे उरले नाहीत, पाणी तेवढे चमकते आहे, असे समाधान व्यक्त केले आहे. सिसिलीतील कोमिसो येथे अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रे आणण्यावरून निदर्शने चालू होती तो हा काळ. शीर्षकाचे भाषांतर ‘चला समुद्रकिनारी’ असे केल्यास शाळेची सहल वाटते. ‘चला चौपाटीवर’ यात तो खोटा उत्साह बरोबर उतरतो. आम्हा कोकणातल्यांना ‘पुळण’ हा शब्द अधिक जवळचा, आणि गोव्यात ‘वेळ’ म्हणतील, पण त्या दोन्ही शब्दांत भेळ आणि गर्दी नाही. खुद्द तोरिनो पो नदीच्या काठी आहे आणि तिथून समुद्र शंभर किलोमीटरहून दूर आहे. किनाऱ्याची एवढी आस किनारा नसलेल्या गावालाच असायची.

प्रतिसाद ६

‘नो तेंगो दिनेरो’ याचे ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ हे भाषांतर निर्वेध आहे, म्हणून त्यावर कोणी बोलले नसावे. तरीही ‘दिनेरो’ सोडू नये. तो लॅटिन ‘देनारिउस’पासून आला, आणि त्याच नाण्याचे नाव ग्रीकमार्गे संस्कृतात ‘दीनार’ झाले. गुप्तकालीन शिलालेखांत दीनारांच्या दानांची नोंद आहे. म्हणजे तोरिनोच्या दोन तरुणांनी यंत्रांच्या ठेक्यावर ज्याच्या अभावाची तक्रार केली, तो दीनार सांचीच्या शिलालेखात दानात दिला गेला आहे.

मूळ विचारणा करणाऱ्याकडून

सर्वांचा आभारी आहे. ‘रिगेइरा’ आणि ‘इटालो’ हे दोन्ही आता लेखात कायम राहतील, ‘टुमणे’ही स्वीकारले आहे.

१९८५ च्या शीर्षकाविषयी मीच पुन्हा विचार केला. ‘स्ता फिनेन्दो’ ही चालू क्रियेची रचना आहे, म्हणून मी ‘संपत आहे’ लिहिले होते. पण ओसरत्या काळाविषयी मराठी माणूस ‘संपत आला’ असे म्हणतो, आणि त्या ‘आला’मध्येच हुरहुर आहे. त्याहून मोठा घोटाळा ‘उन्हाळा’ या शब्दात होता. इटलीत १५ ऑगस्टची ‘फेरागोस्तो’ची सुट्टी उलटली की समुद्रावरच्या छत्र्या मिटू लागतात, मंडळी शहरांकडे परततात आणि वय एका वर्षाने वाढल्याची जाणीव होते, गाणे त्या जाणिवेचे आहे. आपल्याकडे उन्हाळा संपत आल्याचे दुःख कोणाला होते? मृगाचा पहिला शिडकावा झाला की आपण दारात येऊन उभे राहतो. म्हणून शीर्षक ‘सुट्टी संपत आली’ असे करत आहे. मे महिना आजोळी काढलेल्या कोणालाही जूनच्या पहिल्या आठवड्यातले ते दप्तर आठवेल.

एकच शब्द अजून शिल्लक आहे. याच गाण्याची चाल इटलीतील फुटबॉलप्रेमींनी उचलली, ती युरोपभर फिरली आणि २०१८ मध्ये लिव्हरपूल संघाच्या पाठीराख्यांनी ‘आले, आले, आले’ (म्हणजे फ्रेंचमधले ‘चला, चला’) या शब्दांवर ती मैदानांत गाजवली. तिथे ‘टुमणे’ चालणार नाही. चाळीस-पन्नास हजार गळ्यांतून निघते त्याला मी ‘जयघोष’ लिहिणार आहे, कारण चाल तीच असली तरी त्यात सुट्टीही उरलेली नाही आणि संपणेही नाही.