प्रदूषित जागेच्या सफाईचा खर्च: सगळ्या कंपन्यांकडून मिळून, की ज्याच्या त्याच्या वाट्यापुरता?

तापीकाठ
समजा, एमआयडीसीत एक रासायनिक कारखाना बंद पडलाय. मागच्या बाजूला गाळाचे ढीग आहेत आणि शिवारातल्या विहिरींना पिवळं पाणी लागतंय. सरकारने जागा साफ केली तर पैसे कोणी द्यायचे? माझं मत ठाम आहे. मूळ कारखानदार, नंतरचा पट्टेधारक आणि तिथे कचरा पाठवणारे अशा सगळ्यांना एकत्र जबाबदार धरा. ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून पूर्ण रक्कम घ्या, आपसातला हिशेब त्यांनी करावा.

उदयपूरजवळच्या बिछडीचं काय झालं ते बघा. एच-ॲसिडचा, म्हणजे रंग बनवायला लागणाऱ्या रसायनाचा, सुमारे २,४०० टन गाळ तिथे पडला होता. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ३ आणि ५ खाली केंद्राला सफाई करून खर्च वसूल करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. तरी अर्जांवर अर्ज चालूच राहिले. शेवटी २०११ मध्ये ३७.३८५ कोटी आणि ४ नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याज भरायचा आदेश झाला. एका गटाच्या कंपन्यांसाठी पंधरा वर्षं गेली. वाटे पाडत बसलो तर किती जातील?

पट्टेधारक
भाऊ, यात मरतो तो नंतर आलेला माणूस. एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या पट्ट्याने असते आणि हस्तांतर महामंडळाच्या परवानगीनेच होतं. जळगावात जुन्या प्लॉटवर चटईचं युनिट टाकणाऱ्याने आधीच्याचा गाळ का भरायचा? अमेरिकेचा १९८० चा सफाई कायदा असाच कडक होता. पण २००२ च्या दुरुस्तीने, आधी नीट चौकशी करून जागा घेणाऱ्याला संरक्षण दिलं. २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रदूषित जागेच्या सफाई खर्चात रेल्वे कंपन्यांचा फक्त ९ टक्के वाटाही मान्य केला.

तापीकाठ
बरोबर, पण वाटा सिद्ध करायचं ओझं त्या निकालातही कंपनीवरच होतं, सरकारवर नाही. इथेही तसंच ठेवा. हस्तांतराच्या वेळी माती-पाणी तपासून अहवाल महामंडळाकडे जमा करणाऱ्याला सूट द्यायला माझी हरकत नाही. न तपासता स्वस्तात प्लॉट घेणाऱ्याला मात्र नको.

बोअरवेल
तुम्ही दोघं वाट्यावर भांडताय, पण दावा पडतो तो नमुन्यावर. मातीचा नमुना आपल्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे घ्यावा लागतो: आधी नोटीस, कब्जेदारासमोर नमुना, डब्याला सील, दोघांच्या सह्या, आणि लगेच प्रयोगशाळेत रवानगी. तो मुद्दाम आला नाही किंवा सही नाकारली, तर घेणाऱ्याने एकट्याने सही करून विश्लेषकाला तसं लेखी कळवायचं. बंद गेटच्या वॉचमनला नोटीस देऊन निघून आलात, तर पुढे वकील तेच धरून बसतो. खरा पट्टेधारक कोण, हे आधी महामंडळाच्या दप्तरात बघा.

धातूंसाठीचं पाणी गाळून त्यात नायट्रिक ॲसिड घालावं लागतं, सामू २ च्या खाली हवा. पण क्रोमियम-६ ची बाटली वेगळी ठेवा, त्यात हे ॲसिड घालायचं नाही. द्रावकांसाठी ४० मिलीची कुपी काठोकाठ भरा. बुडबुडा राहिला तर द्रावक त्यात उडून जातं आणि आकडा कमी येतो.

पाणी कुठून कुठे वाहतं हे कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात. रावेर-यावलच्या गाळाच्या जमिनीत तेवढ्यावर बरंच कळतं. धुळे-नंदुरबारच्या काळ्या पाषाणात मात्र उभे डाइक, म्हणजे खडकाच्या भिंती, आहेत. एखादा पाणी अडवतो, एखाद्याच्या कडेच्या भेगांतून ते भलतीकडे निघतं. तिथे तीन विहिरींवर ‘अमक्याचंच प्रदूषण’ म्हणणं चुकीचं. म्हणून मी निम्मा पट्टेधारकाच्या बाजूने: पुरावा असेल तिथे वाटा, नसेल तिथे एकत्र.

खर्चाच्या कागदांचंही तसंच. टँकरच्या फेऱ्या, वजनकाट्याच्या पावत्या, कचरा वाहतुकीचा फॉर्म (नमुना १०) रोजच्या रोज लावा. एकरकमी मागणी पाठवली की ती न्यायालयात अडकते.

ताळेबंद
कंपनी दिवाळखोरीत गेली तर हे सगळं बाजूला पडतं. जाहीर सूचनेनंतर दावा वेळेत नोंदवावा लागतो. कंपनी सावरायच्या मंजूर आराखड्यात नसलेली देणी संपतात, सरकारचीसुद्धा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केलं. खर्च ठरला नाही म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाने थांबू नये, अंदाजी रकमेचाही दावा करता येतो. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर कामगार आणि तारण असलेल्या बँका सरकारच्या पुढे असतात.

त्यामुळे पैसा आधीच अडकवून ठेवणं हाच उपाय. संभाव्य हानीसाठी मंडळ बँक हमी मागू शकतं, असं ऑगस्ट २०२५ च्या निकालात आहे, फक्त त्याआधी नियम करावे लागतील. कारखाना चालवायला मंडळ जे संमतीपत्र देतं, त्याच्या नूतनीकरणाला ती जोडा.

पट्टेधारक
हमीसाठी बँक मार्जिन अडकवते. छोट्या युनिटचं खेळतं भांडवल तिथेच जाईल. घातक कचरा ज्यांच्या संमतीपत्रात आहे त्यांच्याकडूनच घ्या, तेही टनावारी. डाळ मिल आणि चटईवाल्याला त्यात ओढू नका.

तापीकाठ
टनावारी मान्य. पण टन कोण मोजणार? घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण (फॉर्म नमुना ४) कारखानदार स्वतःच भरतो. तो आकडा नमुना १० च्या बेरजेशी जुळवून मगच हमी ठरवा.