अधिवास शिकवायचं शिक्षकांचं ट्रेनिंग हॉलमध्ये कशाला?

निफाडचा मास्तर:
परवा परिसर अभ्यासाचं प्रशिक्षण झालं, विषय प्राण्यांचे अधिवास. दिवसभर पीपीटी. ध्रुवीय अस्वल, उंट, पेंग्विन, परत उंट. आणि हॉलच्या खिडकीबाहेर विहिरीवर वाकलेली बाभूळ, तिच्यावर सुगरणीची सात-आठ घरटी लटकलेली, त्यातली दोन अर्धवट. नर अर्धं विणतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तर पुढचं काम, नाहीतर ते तसंच सोडून दुसरं. घरटं काटेरी झाडावर का, पाण्यावरच का, अर्धवट का सोडलं, एवढ्यावर तीन तास वर्ग चालला असता की. साहेबांनी पंख्यासाठी खिडकी लावून घेतली. नंदुरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य इथून जवळ, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, आणि आम्ही अंटार्क्टिका शिकतोय! माझं म्हणणं, हे ट्रेनिंग पाण्याच्या काठावरच घ्या, हॉल बंद करा.

पंचवटीकर मॅडम:
सर, बोलायला छान आहे. माझ्या वर्गात साठ पोरं, शाळेच्या चारी बाजूला डांबर. काठावर शिकून मी परत कुठे येणार, तर डांबरावरच. आणि नवीन शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय, ते निवडणुकीची कामं, सर्वेक्षण, माहिती भरणं यातून काढायचे. त्यात फिल्ड व्हिजिट म्हणजे परवानगी, बस, पालकांची सही, आणि काही झालं तर जबाबदार कोण? शिक्षकच.

निफाडचा मास्तर:
मॅडम पोरांना नेण्याचं म्हणत नाहीये मी, शिक्षकांना न्या म्हणतोय. आणि डांबरावर पण अधिवास असतो हो. पारवे, पाली, गटारातले डास, वळचणीची चिमणी.

चष्मेवाला:
मी स्वतः प्रशिक्षक म्हणून जातो त्यामुळे शिव्या खायची तयारी आहे. काठावर नेऊन पण पाहिलंय. काय होतं? सगळे मोबाईल काढतात, फोटो, 'हा कोणता पक्षी सर', नावांची यादी होते आणि मिसळ खाऊन घरी. अधिवास म्हणजे नुसतं राहायचं ठिकाण नाही, अन्न, पाणी, आसरा, पिल्लं काढायची जागा हे सगळं मिळून अधिवास, हे आधी डोक्यात नसेल तर शेकाट्या पक्ष्याचे लांब पाय दिसतात पण तो उथळ पाण्यात का उभा ते सुचत नाही. चमच्या पक्षी पाण्यात चोच डावीउजवी फिरवतो ती गंमत वाटते, तो चोचीनेच चाचपून खातोय हे कळत नाही. नंदुरचंच घ्या, गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला, मागे गाळ साचला, त्यावर पाणवनस्पती आल्या, मग पक्षी आले. माणसाने केलेल्या गोष्टीतून अधिवास झाला. हे काठावर उभं राहून आपोआप दिसत नाही सर, आधी समजून घ्यावं लागतं.

निफाडचा मास्तर:
हे पटलं. पण मग तुमच्या पीपीटीत गाळ का नव्हता, उंट का होता?

चष्मेवाला:
पीपीटी वरून आलेली असते.

सिन्नरचा ऊसवाला:
शिक्षक नाही मी, पोरगं चौथीत आहे. त्याने वहीत लिहिलंय वाघ-बिबट्या जंगलात राहतो. आमच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडतात तोडणीला! ऊस वर्षभर उभा, पाटाचं पाणी, गावात कुत्री-डुकरं, म्हणजे वरच्या सरांच्या व्याख्येत अगदी फिट बसतं. पोरगं म्हणालं बाई म्हणाल्या तो भरकटून आला. भरकटून पिल्लं होतात का?

पंचवटीकर मॅडम:
दादा, पण पोरांना 'बिबट्या उसातच राहतो' शिकवलं तर उद्या पालकच शाळेत येतील, घाबरवता म्हणून.

सिन्नरचा ऊसवाला:
घाबरलेलेच आहोत आम्ही. पिंजरा लावा, दूर सोडून या, हीच मागणी करतो. मागे कुणीतरी सांगितलं की जुन्नरकडचे पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले तर तिथे माणसांवरचे हल्ले वाढले, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांचा अभ्यास आहे त्यावर. हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं असतं तर?

चष्मेवाला:
ही केस प्रशिक्षणात घ्यायला पाहिजे, खरंच. पण हॉलमध्येच घेईन, उसात नाही नेणार कुणाला.

निफाडचा मास्तर:
उसात नको हो. खिडकी उघडी ठेवा तेवढी.