आधी खरारा, मग खोगीर

'पहिल्याच आठवड्यात दौडवू' म्हणणाऱ्या घोडेस्वारीच्या क्लासला लेकीला घालावं का, असं एका पालकांनी विचारलंय. घालू नका. लहानपणापासून घोडे हाच माझा ध्यास, आता पुण्यात मुलांना शिकवते, म्हणून कळकळीने सांगतेय.

सुरुवात लंजवर व्हावी. लांब दोरीचं टोक शिक्षकाच्या हातात, घोडा गोल फिरतोय, आणि मुलाच्या हातात लगामच नाही. लगामाला लोंबकळून तोल सावरायची सवय लागली की प्रत्येक हिसक्याला कडियाळी (लगामाला जोडलेली, तोंडातली धातूची दांडी) घोड्याच्या जिभेवर, हिरड्यांवर रुतते. मला ते बघवत नाही. दुडकीतली (चालण्याहून वेगवान, उसळत्या चालीतली) उठबस मग आपसूक येते: बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की बसायचं. टाच खाली, नजर घोड्याच्या कानांमधून पुढे.

स्वार होण्याआधी खरारा (घोड्याचं अंग ब्रशने घासणं) आणि खूर साफ करणं. घोड्याला थेट शेपटीमागचं आणि नाकाला लागून असलेलं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायचं. कान मागे चिकटवले की तिथेच थांबायचं.

रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) देणार असतील तर त्याला स्वारीसाठी नव्याने तयार केलंय का, हे जरूर विचारा. तो वेगासाठी घडलेला असतो. आणि फी भरण्याआधी पागेत जाऊन घोड्यांच्या पाठी बघा. खोगिराखाली, तंगाच्या (खोगीर बांधायच्या पट्ट्याच्या) जागी जखमा दिसल्या तर सरळ दुसरीकडे चौकशी करा.