बोनेअरला कोणी गेलंय का? नवरा डायव्हिंग करत नाही

नीलांबरी_मुलुंड:
तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेले आणि वेडच लागलं, आता ओपन वॉटरचं (डायव्हिंगचं पहिलं) सर्टिफिकेट पण हातात आहे. लग्नाला दहा वर्षं होतायत तर कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर जायचं मनात आहे. सासूबाई म्हणतात एवढ्या लांब जाऊन त्या एवढ्याशा बेटावर बघणार काय, पण आम्हाला गर्दी नकोच आहे. कसं जायचं? आणि हा किनाऱ्यावर कंटाळेल का?

दादरचा_अजय:
आम्ही अॅमस्टरडॅमवरून गेलो, तिथून थेट विमान आहे पण नऊ-दहा तास लागतात, मध्ये एक रात्र थांबा. बेट डचांचं असलं तरी शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) येत नाही, त्यामुळे व्हिसाचं डच वकिलातीला आधीच विचारा. पैसे डॉलरमध्ये. डायव्हिंगला बोट लागतच नाही गं! रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड, त्यावर साइटचं नाव, पिकअप लावायची, सिलिंडर पाठीवर घ्यायचा आणि चालत पाण्यात उतरायचं. गाडीत मात्र काही म्हणजे काही ठेवू नका, चोऱ्या होतात. १९७९ पासून मरीन पार्क आहे, ग्लोव्हज घालू देत नाहीत, म्हणजे कोणी प्रवाळाला हात लावत नाही. मला हे फार आवडलं.

शिवडीची_मीनल:
नवऱ्याला दुर्बीण घेऊन दे! मी लहानपणापासून शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो बघत आलेय, पण तिकडचे बघून थांबलेच, आपले फिकट गुलाबी, ते चक्क केशरी. दक्षिणेला मिठागरं आहेत, तिथे पेकेलमीर नावाच्या खाऱ्या तळ्यावर त्यांची वीण होते, आत कोणालाच सोडत नाहीत, रस्त्यावरूनच बघायचं. आणि त्याच रस्त्यावर गुलामांच्या दगडी झोपड्या आहेत, कमरेएवढं दार, आत वाकूनच शिरावं लागतं, मिठागरात राबणारी माणसं रात्री तिथे झोपायची. तिथे गुलामगिरी १८६३ मध्ये बंद झाली. मी बराच वेळ तिथेच बसून होते, मागे मिठाचे पांढरे ढीग आणि समोर इतकं निळं पाणी, काही बोलावंसंच वाटेना.

दादरचा_अजय:
एक राहिलंच, २०२३ पासून तिथल्या प्रवाळांना रोग लागलाय, सांगतील तसं डायव्हिंगचं सामान जंतुनाशकात बुडवून धुवा, कंटाळा करू नका प्लीज.

नीलांबरी_मुलुंड:
नक्की धुवू. मीनलताई, झोपड्यांचं ह्याला वाचून दाखवलं, आता तोच तारखा बघत बसलाय. स्वयंपाकघर असलेली खोली मिळते का तिथे? मेतकूट-तांदूळ नेणार आहे.

शिवडीची_मीनल:
मिळते, आम्ही तेच केलं. लोणचं नीट पॅक कर.