खालच्या काठावरची जेट्टी: सभा कधी झाली? (पवना धरणाकाठच्या बंगला सोसायटीचा ग्रुप)

बंगला १४: सचिवसाहेब, गेटपाशी काळ्या प्लास्टिकचे ठोकळे उतरवताहेत. दुसरा टेम्पो आत्ताच आला. रखवालदार म्हणतो जेट्टीचं सामान. हा विषय मागच्या सभेत पुढे ढकलला होता ना?

बंगला ७: ताई, सामान आम्हा पाच बंगल्यांच्या खर्चाने आलंय. सोसायटीचा रुपया नाही. ६ बाय ३ मीटरचा तरंगता प्लॅटफॉर्म आहे. बाकीच्यांनाही वापरता येईल, आधी विचारून.

बंगला १४: विचारून म्हणजे कुणाला विचारून?

नाना (बंगला ९): माहितीपुस्तिकेत "थेट तलावकाठ" छापलंय. त्याचेच जादा पैसे मोजले. काठ आपला, जेट्टी आपली.

काका (बंगला ३): नाना, खरेदीखताला जोडलेला मोजणीचा नकाशा उघडा. आपली हद्द दगडी खुणांशी संपते. त्यापुढची जमीन पवना प्रकल्पासाठी संपादित झालेली आहे. पूर्ण संचय पातळीखालचं, म्हणजे धरण भरल्यावर पाणी पोहोचतं त्या रेषेखालचं, सगळं बुडीत क्षेत्र जलसंपदा विभागाचं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकून जमीन उघडी पडली तरी मालक बदलत नाही. तिथे नांगर टाकायचा, खांब रोवायचा, पायऱ्या बांधायच्या तर विभागाची लेखी परवानगी लागते. बिल्डरची पुस्तिका म्हणजे हक्काचा कागद नव्हे.

बंगला ७: काका, आदर ठेवून सांगतो, पलीकडे तंबूवाल्यांनी अख्खा काठ व्यापलाय. त्यांना कोण विचारतं?

काका: कारवाई होते तेव्हा त्यांचे तंबू उचलले जातात. नोटीस येईल ती मात्र सोसायटीच्या नावाने, कारण वाट आपल्या गेटमधून जाते.

बंगला ११: जेट्टीचं नंतर बघा. मैलापाणी प्रकल्पाच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडलाय, त्याचं काय? वास आमच्या बाजूला येतो.

खजिनदार: ब्लोअरचं कोटेशन आलंय. ज्यांची वर्गणी दोन तिमाह्या थकली आहे त्यांनी भरली की लगेच काम देतो. नावं इथे टाकत नाही.

बंगला ११: टाका की. आम्हाला घाबरायचं कारण नाही.

सचिव: कृपया विषयाला धरून बोला 🙏

डॉक्टर (बंगला २१): ब्लोअर विषयाला धरूनच आहे. हवा मिळाली नाही की टाकीतले जीवाणू मरतात आणि अर्धवट शुद्ध झालेलं पाणी ओघळीतून थेट धरणात जातं. हेच पाणी नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि पिंपरी-चिंचवडकर पितात. आपल्यातल्या निम्म्या लोकांची घरं तिकडेच आहेत.

नाना: माहितीपुस्तिकेत "थेट तलावकाठ" छापलंय. त्याचेच जादा पैसे मोजले.

बंगला ७: डॉक्टर, प्लॅटफॉर्मने पाणी कसं खराब होईल? ठेकेदार माहीतगार आहे. ५० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचे ७२ ठोकळे, चौरस मीटरला ३५० किलो भार, म्हणजे एकूण ६ टनांच्या वर. २० माणसं उभी राहिली तरी दीड टन. हिशेब चोख आहे.

काका: हिशेब अर्धा आहे भाऊ. ३५० किलो ही ठोकळा पूर्ण बुडेपर्यंतची क्षमता. कडा पाण्याच्या वर राहायची असेल तर त्याच्या निम्माच भार धरायचा. आणि माणसं सारखी वाटून उभी राहत नाहीत. फोटोला किंवा बोट आली की सगळी एका कडेला येतात. एका कडेच्या मीटरभर पट्ट्यात ६ चौरस मीटर जागा, तिथे सुरक्षित भार जेमतेम एक टन. तुमची २० माणसं तिथे आली की कड पाण्याखाली, आणि पाय घसरतात ते त्याच क्षणी.

पण खरी अडचण वेगळीच आहे. हे करमणुकीसाठी बांधलेलं तळं नाही. साडेआठ टीएमसीचं धरण आहे, ऑगस्टमध्ये भरतं आणि जूनपर्यंत उतरत जातं. आपल्या काठाचा उतार साधारण १ ला १०. पातळी १ मीटर उतरली की पाणी १० मीटर मागे जातं. १२ मीटर उतरली तर १२० मीटर. काठावरून प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्या पुलाचा चढ १ ला ४ पेक्षा खडा नको, नाहीतर म्हातारी माणसं आणि ओल्या चपला तिथे टिकत नाहीत. म्हणजे १२ मीटर लांबीच्या पुलाला फक्त ३ मीटरचा फरक पेलतो. मोसमात चार वेळा सगळं उचलून खाली न्यायचं. कोण नेणार? आणि उघडा पडलेला काठ म्हणजे गुडघाभर गाळ. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की आत जातो.

बंगला ७: नेऊ की. ठोकळे हलके असतात, एकेक सात किलोचा.

काका: ठोकळे हलके, नांगर नाही. मे महिन्यात ४ मीटर खोलीवर ८ मीटर साखळी बांधलीत, तर ऑगस्टमध्ये त्याच जागी १४ मीटर पाणी असतं. साखळी पुरत नाही. एकतर कड पाण्याखाली ओढली जाते, नाहीतर नांगरच उचलला जातो. १ टनाचा काँक्रीटचा नांगर पाण्यात ६०० किलोसुद्धा भरत नाही आणि तुमचा प्लॅटफॉर्म ६ टन उचलतो. मग पश्चिमेच्या वाऱ्यावर तो सुटा प्लॅटफॉर्म कुठे जाईल? धरणाची भिंत पूर्वेला आहे. सांडव्याच्या दरवाज्यांकडे. विसर्ग चालू असताना ७२ ठोकळे दरवाज्याशी अडकले तर काय होईल याचा विचार करा.

उलट २१ मीटर साखळी आधीच दिलीत, तर पाणी ओसरल्यावर प्लॅटफॉर्म वाऱ्याबरोबर २० मीटरपर्यंत भरकटतो आणि पुलाच्या बिजागऱ्या तोडतो.

बंगला १८: काका, पुलाच्या बिजागऱ्या राहू द्या, आमच्या बाथरूमच्या दाराची आधी बघा 😄

बंगला १४: मस्करी नंतर. सचिवसाहेब, सभा कधी झाली?

बंगला ७: ताई, पैसे आम्ही घालतोय, तुम्हाला त्रास काय?

बंगला १४: उद्या कुणाचं मूल तिथून पडलं तर पोलीस अध्यक्ष-सचिवांना बोलावतील, तुमच्या पाच बंगल्यांना नाही. सभा कधी झाली?

डॉक्टर: १८ जानेवारी २०२४, वडोदऱ्याचा हरणी तलाव. सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटली, ६ जण गेले. धरणाचं पाणी वरून शांत दिसतं, पण उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठायला काही मिनिटं पुरतात.

जेट्टी करायचीच म्हणता, तर आधी हे दाखवा: वजनानुसार जॅकेट, मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा (नाहीतर ते डोक्यावरून निघून जातं), दोन बचाव कडी (बुडणाऱ्याकडे फेकायच्या तरंगत्या रिंगा), प्रत्येकीला ३० मीटर तरंगता दोर, प्लॅटफॉर्मला पाण्यात उतरणारी शिडी. शिडी नसेल तर दमलेला माणूस ४० सेंटिमीटरची कडसुद्धा चढू शकत नाही. आणि संध्याकाळी पाच-सहानंतर बंद. दारू प्यायलेल्याला प्रवेश नाही.

बंगला ७: शिडी घेतलेली नाही. घेईन.

बंगला ११: आणि बोट कुठली आणताय? इंजिनाची?

बंगला ७: छोटी आहे, टू-स्ट्रोक. कोकणातून मित्राची येतेय.

डॉक्टर: जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमधून चौथा हिस्सा इंधन न जळता तेलासकट पाण्यात जातं. पिण्याच्या पाण्यात. अजिबात नाही.

काका: शिवाय इंजिनाची बोट म्हटलं की अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आला. सर्वेक्षण, नोंदणी, विमा, परवानाधारक चालक. मित्राची आहे म्हणून सूट मिळत नाही.

बंगला १६: पवई तलावाच्या सायकल ट्रॅकचा निकाल टाकतेय. उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ ला तो बेकायदा ठरवून काढून टाकायला सांगितला. तसंच इथे होईल.

काका: ताई, निकाल चांगला आहे, पण तो पाणथळ नियमांच्या आधारावर होता, इथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. आपला मुद्दा जमिनीच्या मालकीचा आणि विभागाच्या परवानगीचा आहे. कच्चा मुद्दा मांडला की पक्काही वाया जातो.

नाना: माहितीपुस्तिकेत "थेट तलावकाठ" छापलंय. त्याचेच जादा पैसे

बंगला १४: नाना, चौथ्यांदा नको. सभा कधी झाली ते सचिवांना विचारा.

नाना: मला गप्प करू नका. २०१५ पासून राहतोय इथे.

काका: नाना, तुमची फसगत झाली असेल तर दाद बिल्डरकडे मागा, मी सोबत येतो. पण ज्या गावांची जमीन या पाण्याखाली गेली, त्यांतल्या अनेकांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं अडलं. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला, पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या पाइपलाइनविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. मावळात पवनेच्या पाण्याला हा इतिहास आहे. त्यांच्या गुरांची वाट, त्यांच्या जाळ्यांची जागा याच काठावर आहे. तिथे "फक्त सभासदांसाठी" अशी पाटी लावायची?

बंगला ७: पाटी लावणार नव्हतो.

बंगला १८: पाटीचं कोटेशनसुद्धा आलंय, मी बघितलंय. "खासगी जेट्टी" असं आहे.

बंगला ७: ते ठेकेदाराने स्वतःहून घातलं होतं. रद्द केलं.

सचिव: सर्वांना नमस्कार. जेट्टीबद्दल कोणताही ठराव झालेला नाही. विशेष सर्वसाधारण सभा पाच पूर्ण दिवसांच्या नोटिशीने बोलावतो. तोपर्यंत सामान गेटच्या आत, ताडपत्रीखाली राहील. काठावर नेऊ नये.

बंगला ७: ठेकेदाराची माणसं आलीत, त्यांची आजची मजुरी कोण देणार?

खजिनदार: ज्यांनी बोलावलं त्यांनी.

बंगला ७: ठीक आहे. पण सभेत काकांनी फक्त नको नको म्हणू नये, काय चालेल तेही सांगावं.

काका: सांगतो. विभागाच्या शाखा कार्यालयाला आणि ग्रामपंचायतीला एकाच मजकुराचं पत्र. मागणी एवढीच: इंजिन नाही, फक्त वल्ह्याच्या बोटी. कायमचं बांधकाम नाही. प्लॅटफॉर्म नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पातळी हळू उतरते तेव्हा, चार नांगर आणि दर पंधरा दिवसांनी साखळीची लांबी तपासायची. फेब्रुवारी अखेरीस सगळं सुटं करून आत. बचावाचं सामान गावकऱ्यांनाही खुलं. परवानगी आली तर मी स्वतः साखळ्यांची मापं काढून देतो. नाही आली तर ठोकळे परत पाठवायचे.

बंगला ११: आणि ब्लोअर?

बंगला १४: सभेच्या नोटिशीत ब्लोअर पहिल्या क्रमांकावर घ्या, जेट्टी दुसऱ्या.

सचिव: घेतो. थकीत वर्गणीवाल्यांना त्या आधी वेगळा मेसेज जाईल.