भोंगळपणा मुद्दामच असतो
नायजेरियातून लाखो डॉलर देतो म्हणणाऱ्या भामट्यांच्या मेल बघून "असल्या भोंगळ मेलला भुलतं तरी कोण?" असं लोक विचारतात. अहो, तो भोंगळपणाच तर चाळणी आहे! मायक्रोसॉफ्टमधल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली यावर निबंध लिहिला होता. मेल इतकी अचाट, की शहाणे आपोआप गळतात आणि हमखास पैसे देणारं गिऱ्हाईक तेवढं उरतं. म्हणूनच भोळेपणाचं सोंग घेऊन महिनोन् महिने "फॉर्म उघडत नाही, परत पाठवा" म्हणत राहणारा माणूस भामट्यांना महागात पडतो. अशा भामट्यांनाच खेळवणाऱ्या '४१९ ईटर' या संकेतस्थळावरच्या मंडळींनी तर एका भामट्याकडून कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाचा कीबोर्ड चक्क लाकडात कोरून घेतला! (४१९ म्हणजे नायजेरियाच्या दंडसंहितेतलं फसवणुकीचं कलम.) मला हा प्रकार जाम आवडतो. फक्त भामट्यांना असं खेळवायची हौस असेल तर नाव आणि ईमेल दोन्ही खोटं हवं, नेहमीच्या पत्त्यावरून एक अक्षरही नको.