साबण भरलेला स्पंज : केसांसाठी साबण बदलावा लागेल

एकाच साबण भरलेल्या स्पंजने अंग आणि केस दोन्ही धुता यावेत, ही कल्पना मला मनापासून आवडली. मात्र खरी अडचण स्पंजात नसून साबणात आहे. घासणीतच साबण भरून ठेवणे भांड्यांच्या बाबतीत १९१७ च्या सुमारासच साधले होते : सॅन फ्रान्सिस्कोत अॅल्युमिनियमची भांडी विकणारे एडविन कॉक्स यांनी तारेची घासणी साबणाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून ती साबणाने भरली.

साध्या साबणाचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा; ७ च्या वर अल्कधर्मी) ९ ते १० असतो, तर त्वचेचा ५ च्या आसपास. निरोगी त्वचा हा फरक काही तासांत भरून काढते. केसांवरचे सूक्ष्म खवले मात्र अशा अल्कधर्मी पाण्यात उचलले जातात आणि बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियममुळे तयार होणारा, बोटांना मेणचट लागणारा साका केसांवर बसतो. म्हणून केसांसाठी वेगळा स्पंज करून त्यात साबणाऐवजी सोडियम कोकॉइल आयसेथिओनेटसारखा मळ काढणारा सौम्य घटक वापरावा, असे मी आग्रहाने सुचवेन. अंगासाठी वाळवलेल्या घोसाळ्याच्या जाळीत वितळवलेला ग्लिसरीन साबण ओतून पाहावा. ओल्या स्पंजात जिवाणू वाढतात, तेव्हा तो टांगून वाळवण्यासाठी दोरीही आधीच शिवून घ्यावी.